सीलबंदकाका आणि बारावा माणूस

सीलबंदकाकांनी उभ्या आयुष्यात एकच खोकं आपल्या हाताने उघडलं होतं, आणि ते लग्नात आलेल्या मिक्सरचं होतं. तेसुद्धा काकूंनी दोन वर्षं हाताने कुटून-वाटून काढल्यावर, शेवटी माहेरी जाण्याची भाषा केली तेव्हा. तरीही काकांनी सील फाडलं नाही. किटलीच्या वाफेवर डिंक सैल करून त्यांनी झाकण असं अलगद उचललं, की मिक्सर आपल्यातून निघून गेला हे खोक्याला कळलंसुद्धा नसेल. ते रिकामं खोकं अजून माळ्यावर आहे. बंद.

त्यांचं खरं नाव इमारतीतल्या पोरांना माहीत नव्हतं, आणि आपणही त्या भानगडीत पडायचं कारण नाही. काका पाणीखात्यात हेडक्लार्क होते. अर्जावर एखादी सही कमी असली, तारखेत खाडाखोड असली, नाहीतर अर्जदाराचा चेहरा जरा घाईचा दिसला, की ते अर्ज दोन बोटांनी परत सरकवत आणि म्हणत, “बुधवारी या.” बुधवारीच का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या आधीचे हेडक्लार्क बुधवारी या म्हणत, म्हणून हेही म्हणत. परंपरा अशाच टिकतात.

अशा या माणसाला एक छंद होता. बाहुल्यांचा. हा शब्द मात्र काकांसमोर काढायची सोय नव्हती. मेहुण्याने एकदा काढला होता, तर त्याच्याशी काका वर्षभर फक्त हवामानावर बोलले. काकांच्या मते त्या ‘फिगर’ होत्या. साता समुद्रांपलीकडे एक चिमुकला कारखाना दरवर्षी एक वीतभर उंचीचा माणूस घडवून विकायचा. मालिकेचं नाव ‘रात्रपाळी’. पहिला पहारेकरी, मग नर्स, मग भल्या पहाटे भट्टी पेटवणारा पाववाला, मग रात्रीचं टपाल पोचवणारा पोस्टमन, असे रात्री जागणारे एकेक जण. प्रत्येकाच्या हातात एक दिवा आणि पायाखालच्या चौथऱ्यात शर्टाच्या बटणाएवढा एक सेल. पाठीमागची कळ दाबली की दिवा लागतो, असं खोक्यावर छापलेलं होतं. लोकांचा स्वर्गावर असतो तसा काकांचा त्या वाक्यावर विश्वास होता. म्हणजे स्वर्ग आहे हे नक्की, पण जाऊन बघायची घाई नाही. कारण संग्राहकांचा पहिला नियम असा, की खोकं उघडलं की वस्तूचा जीव गेला. खोक्याला पुढून खिडकी असते. तिच्यातून बघायचं, मान हलवायची आणि कपाट लावून घ्यायचं.

कपाट दिवाणखान्यात होतं आणि मुळात ते काकूंच्या कपबशांचं होतं. आता कपबशा पलंगाखाली आणि रात्रपाळीवाले काचेमागे. पाहुणे आले की काकू पलंगाखाली वाकत आणि वाकताना जे काही पुटपुटत, ते काकांना ऐकू येत नसे. निदान काका तसं दाखवत. त्यांचे कान किती तिखट होते हे पुढे सरकारदरबारी सिद्ध व्हायचं होतं.

या संग्रहाचा एकमेव टीकाकार म्हणजे मुलीचा मुलगा. वय वर्षं तीन. आठवड्यातून दोनदा तो आजोळी येई आणि दिसेल ती वस्तू आधी तोंडात घालून मग तिच्याविषयी मत बनवी. मागे एकदा त्याने काकांच्या शर्टाचं बटण गिळलं होतं. दोन दिवस सगळं घर त्याच्या पोटाकडे डोळे लावून बसलं. तिसऱ्या दिवशी बटण सुखरूप परत आलं, आणि काकूंनी ते धुऊन त्याच शर्टाला लावलं असा एक प्रवाद आहे. काका त्यावर बोलत नाहीत, पण तो शर्टही घालत नाहीत. तर हा नातू कपाटासमोर उभा राहून म्हणायचा, “आजोबा, दिवा लाव.”

“लागतो रे. हे बघ, लिहिलंय इथे.”

“लाव.”

ज्याला वाचता येत नाही त्याच्याशी वाद घालणं हे हेडक्लार्कला सर्वांत अवघड काम असतं. एकदा काकांची पाठ वळताच नातवाने पाववाल्याच्या खोक्याचा कोपरा चावला. त्या कोपऱ्याचं काकांना इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मालिका बारा जणांची होती आणि काकांकडे अकरा होते. बारावा आणि शेवटचा, दीपस्तंभाचा रखवालदार, त्या वर्षी यायचा होता. गावातल्या संग्राहक मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं आणि पूर्ण संचाला मंडळाची ढाल मिळणार होती. काकांना आयुष्यात ढाल सोडा, साधं प्रशस्तिपत्रकही मिळालेलं नव्हतं. पण प्रतिस्पर्धी होता. चौकातले दातांचे डॉक्टर. त्यांचा बारावा माणूस दोन महिन्यांपूर्वीच येऊन पोचला होता. मंडळाच्या बैठकीत चहा पिताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, अकरा म्हणजे कसं, समोरचा दात पडलेलं तोंड. हसावं तर पंचाईत.”

मंडळी हसली. काकाही हसले, पण तोंड मिटून. घरी येताच त्यांनी काकूंना सांगितलं, “बारावा आल्याशिवाय मी त्या माणसाला तोंड दाखवणार नाही.” आणि खरोखर, दुखरी दाढ घेऊन ते तसेच बसले. ढाल हवी, त्याशिवाय दाढही नाही, असा त्यांचा पण होता.

आणि बारावा आला. म्हणजे त्याच्याऐवजी त्याची चिठ्ठी आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, की बटण सेलविषयीच्या नव्या नियमांनुसार आपलं पार्सल तपासणीसाठी रोखून ठेवलं आहे, तरी समक्ष येऊन भेटावं.

पार्सल तपासणी कचेरी तीन मजल्यांची होती. काका कचेरीत जायला घाबरणारे नव्हते; सगळी हयात त्यांनी कचेरीतच काढली होती. फक्त खिडकीच्या या बाजूला उभं राहण्याची त्यांची पहिलीच वेळ होती, आणि इथून खिडकी फार उंच दिसते हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

“खेळणं आहे?” खिडकीतल्या गृहस्थाने विचारलं.

“छे छे. फिगर आहे. संग्रहासाठी.”

“म्हणजे पुतळा?”

“पुतळा नाही म्हणता येणार. त्याच्या हातात दिवा आहे.”

“मग दिवा म्हणा की सरळ. दुसरा मजला.”

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, “उजेड किती पडतो?”

“पडतो. तसं लिहिलंय खोक्यावर.”

“लिहिलेलं आम्हीही वाचतो हो. तुमच्या घरचे अकरा तुम्ही कधी लावून पाहिलेत का?”

“आम्ही लावत नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग दिवे घेता कशाला?”

हा प्रश्न काकूंनीही विचारलेला होता, पण सरकारी शिक्क्यानिशी तो प्रथमच आला. तिसऱ्या मजल्यावर पुतळ्यांचं खातं होतं. तिथले म्हातारे अधिकारी भलते आस्थेवाईक निघाले. पुतळा कुणा थोर पुरुषाचा आहे का, असं त्यांनी विचारलं. दीपस्तंभाच्या रखवालदाराचा आहे म्हटल्यावर ते जरा विचारात पडले, आणि “थोर नाही ना? मग आमच्याकडे नाही येत,” म्हणून त्यांनी काकांना खाली धाडलं. काका धापा टाकत पुन्हा पहिल्या खिडकीशी आले. खिडकीतल्या गृहस्थाने कागद दोन बोटांनी परत सरकवला.

“बुधवारी या.”

काका जागच्या जागी थिजले. शब्द त्यांचे, सूर त्यांचा, बोटंसुद्धा तीच दोन. घरी परतताना त्यांना प्रथमच वाटलं, की बुधवार हा फार लांबचा वार आहे.

संकट आलं की शेजारी येतात. समोरच्या बिऱ्हाडात एक गृहस्थ राहत, त्यांना सगळे ओळखवाले म्हणत. जगात अशी कचेरी नव्हती की जिथे त्यांची ओळख नाही. ती ओळख नेमकी आपण जाण्याच्या आदल्या दिवशी बदली होऊन गेलेली असे, हा भाग वेगळा. चिठ्ठी वाचून ते म्हणाले, “काका, तुम्ही भोळे आहात. अहो, खरं सांगून कुठे कामं होतात का? अर्ज मी भरतो. तुम्ही फक्त नेऊन द्या.”

“पण त्यात लिहिणार काय?”

“ते माझ्यावर सोडा. माझी आतमध्ये ओळख आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्या हातात एक जाड पाकीट ठेवलं. चिकटवलेलं, वर लाखेचा ठिपका. आता कुणीही शहाणा माणूस काय करील? पाकीट फोडील, आत काय लिहिलंय ते वाचील. पण काकांनी ते पाकीट हातात घेतलं, सील किती सुबक बसलंय ते पाहिलं, आणि त्यांच्या बोटांना ते फोडवेना. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा घात केला. पाकीट जसंच्या तसं खिडकीत गेलं.

आठवड्याभराने काकांना बोलावणं आलं. कानाच्या डॉक्टरांकडून.

झालं होतं असं, की बटण सेल कानाच्या मशीनमध्येही असतो आणि त्या मशीनला लवकर सोडतात, हे ओळखवाल्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी वस्तूच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘श्रवणयंत्र, एक नग’. आणि कारण, ‘अर्जदारास बायकोचे बोलणे ऐकू येत नाही’. काकांना एका बंद खोलीत बसवून कानात टिकटिक वाजवली गेली. तिथल्या डॉक्टरांनी तीन-तीनदा तपासलं आणि आश्चर्याने मान हलवली. “या वयात इतके तीक्ष्ण कान मी पाहिलेले नाहीत. तुम्हाला यंत्र मिळणार नाही.” तसा दाखलाही त्यांनी लिहून दिला. काका तो दाखला लपवून ठेवणार होते, पण काकूंनी खिशातून काढून वाचला. बारा वर्षं पलंगाखाली पुटपुटलेलं सगळंच्या सगळं या माणसाला ऐकू येत होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, याचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं, आणि तेही काकांना फार स्पष्ट ऐकू येत होतं.

खोटा अर्ज दिला म्हणून पार्सल आता थेट तपासणी अधिकारी बाईंच्या टेबलावर गेलं. काकांनी हात जोडून सगळी हकीकत सांगितली. बाई मध्यमवयाच्या, केस घट्ट बांधलेल्या. लाखेच्या ठिपक्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, एवढंच.

“हे बघा काका,” त्या म्हणाल्या, “खेळणं आहे, दिवा आहे की पुतळा, याच्याशी मला देणंघेणं नाही. नियम सोपा आहे. आत बटण सेल असेल, तर सेलाच्या झाकणाला स्क्रू पाहिजे. नुसत्या बोटांनी ते उघडता कामा नये. तुमच्या वस्तूला स्क्रू आहे?”

काकांनी कारखान्याला पत्र टाकलं. कारखान्याने तत्परतेने कळवलं, की बाराव्या माणसाला स्क्रू आहे. आधीच्या अकरांना नव्हता, नुसतं दाबून बसणारं झाकण होतं. काकांनी शेवटचा अर्धा भाग वाचला न वाचला आणि पत्र विजयी मुद्रेने बाईंपुढे ठेवलं.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता स्क्रू दाखवा.”

“पत्रात लिहिलंय की.”

“लिहिलेलं चालत नाही. मला डोळ्यांनी बघावं लागतं. खोकं उघडा.”

काकांना घेरी आली. “उघडा? बाई, उघडलं तर राहिलं काय त्यात?”

“माणूस राहील की.”

“तुम्हाला नाही कळायचं. उघडलेला संच ढालीला चालत नाही. तुम्ही ते परत बंद करू शकता का, जसं होतं तसं?”

“नाही. आणि शुक्रवारपर्यंत उघडलं नाहीत, तर पार्सल परत जाईल.”

प्रदर्शन रविवारी होतं. म्हणजे उघडलं तर ढाल गेली, आणि नाही उघडलं तर माणूसच गेला. इकडे आड तिकडे विहीर. काकांनी तीन दिवस खर्चून एक भाषण तयार केलं, ‘संग्राहकाचे हक्क आणि शासनाची मर्यादा’. आरशासमोर ते उत्तम होत होतं. शुक्रवारी निघताना काकूंनी पायात चपला घातल्या. “मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा कसलं तरी यंत्र घेऊन याल.”

बाईंच्या टेबलावर पार्सल होतं आणि शेजारी एक लहान चाकू. काकांनी घसा खाकरला. “बाई, मुद्दा पहिला. या वस्तूशी कुणी खेळत नाही. माझ्या घरी अकरा आहेत, एकाही खोक्याला बोट लागलेलं नाही. हा कायदा तान्ह्या पोरांसाठी आहे. मी तान्हा दिसतो का तुम्हाला?”

“घरात लहान मूल आहे?”

“नातू येतो. पण त्याचं काय? अहो, त्याने तर मागे शर्टाचं बटण गिळलं होतं. तिसऱ्या दिवशी परत आलं.”

बाईंनी खणातून एक सेल काढून टेबलावर ठेवला. चकचकीत, गोल, निरुपद्रवी. “हे बटण परत येत नाही, काका. घशात अडकलं तर तिथेच जाळायला लागतं. काही तासांत अन्ननलिकेला भोक पडतं. आणि पोराला बोलता येत नसेल, तर ते कशाने रडतंय हेसुद्धा घरच्यांना कळत नाही. नियम त्यासाठी आहे. तुमच्या ढालीशी त्याचं काही वैर नाही.”

काका काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना पाववाल्याच्या खोक्याचा कोपरा आठवला. चावलेला, ओला, दातांच्या खुणा असलेला. त्या दिवशी आपल्याला कोपऱ्याचं वाईट वाटलं होतं. कोपऱ्याचं! मुद्दा दुसरा, तिसरा आणि समारोप कुठल्या कुठे गेले.

“उघडा,” ते म्हणाले. मग स्वतःच चाकू उचलला आणि आयुष्यात प्रथमच एक सील सरळ फाडलं.

दीपस्तंभाचा रखवालदार टेबलावर उभा राहिला. दाढीवाला, वाऱ्याने कोट उडालेला, हातात कंदील. बाईंनी त्याला उलटा केला. चौथऱ्याखाली एक बारकासा स्क्रू होता. “पास,” त्या म्हणाल्या, आणि चालतोय का ते बघायला म्हणून त्यांनी सहज कळ दाबली.

कंदील लागला. केवढासा तो उजेड, पण रखवालदाराच्या चेहऱ्यावर पडला आणि त्याचे डोळे जिवंत झाले. शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. पहिल्या खिडकीतला ‘बुधवारी या’ रांग तशीच टाकून आला. काका बारा वर्षं ज्या वाक्यावर विश्वास ठेवत होते ते खरं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“अहो,” काकू इतक्यात म्हणाल्या, “याचा सेल आत बसवलेलाच येतो. मग आपल्या घरच्यांच्या पोटातही सेल आहेत की! आपली विजेरी आठवते? सेल आत राहून पांढरा भुगा झाला होता सगळा.”

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, “सगळ्यांत जुना किती वर्षांचा?”

उत्तर द्यायला काका थांबले नाहीत.

त्या दुपारी दिवाणखान्याचं शस्त्रक्रियागृह झालं. काका एकेक सील फाडत होते, आणि काकू जुना टूथब्रश व वाटीभर व्हिनेगर घेऊन बसल्या होत्या. नर्सच्या चौथऱ्यात पांढरा भुगा निघाला, पोस्टमनच्या तर कडाच खाल्ल्या गेल्या होत्या. आणखी वर्षभर बंद राहते तर निम्मी रात्रपाळी आतून मेली असती आणि खिडकीतून तशीच टवटवीत दिसत राहिली असती. काकूंनी जुने सेल चिकटपट्टीत गुंडाळून उंच फळीवर टाकले आणि म्हणाल्या, “कपबशांना असलं काही होत नाही.” कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने अकराही झाकणांना चष्म्याचे बारीक स्क्रू बसवून दिले आणि तसलाच एक छोटा स्क्रूड्रायव्हर काकांना भेट दिला. नवे सेल घातले. सगळे लागले. एक सोडून. पहिलाच, पहारेकरी, काही केल्या पेटेना. काकूंनी तीनदा घासला. शेवटी काका म्हणाले, “असू दे. पहारेकरी आहे. झोपला असेल.”

रविवारी प्रदर्शनात डॉक्टरांचं टेबल दारासमोरच होतं. बारा खोकी, कोरी करकरीत, ओळीत. काकांचे बाराजण मात्र उघड्यावर उभे होते. डॉक्टर जवळ आले, वाकून बघू लागले. “अरेरे, काका! सगळ्यांची तोंडं उघडून ठेवलीत की!”

मंडळाचे अध्यक्ष काडेपेट्या जमवत. नियमाला एकदम पक्के. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, पण ढाल डॉक्टरांच्याच हातात दिली. टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या. ठरवून आले होते वाईट वाटून घ्यायचं नाही म्हणून, पण वाटलंच. तेवढ्यात मुलीच्या कडेवरून नातवाने हुकूम सोडला.

“आजोबा, दिवा लाव.”

या खेपेला काकांनी वाचून दाखवलं नाही. त्यांनी एकेक कळ दाबली. पण सभागृहातल्या झगझगीत ट्यूबलाइटखाली ते दिवे कुणाला दिसणार? काकूंनी ते पाहिलं. त्या दाराजवळच्या बोर्डापाशी गेल्या. कुणाची परवानगी घेतली नाही. नवऱ्याने जळते ठेवलेले दिवे मालवण्यात त्यांची हयात गेली होती, हाताला सवय होती. खट, खट, खट.

सभागृहात काळोख झाला. कुणीतरी “अरे, अरे!” म्हणालं. काकांच्या टेबलावर नर्सचा दिवा होता, पाववाल्याची बत्ती होती, पोस्टमनचा कंदील होता, आणि सगळ्यांच्या मागे, एका पुस्तकांच्या थप्पीवर, दीपस्तंभाचा रखवालदार. इवल्या इवल्या उजेडात ती माणसं कामाला लागल्यासारखी दिसत होती. लोक एकेक करून आले. नाणीवाले आले, तिकिटंवाले आले, अध्यक्षांनी काडेपेटी खिशात घातली आणि तेही आले. डॉक्टरांच्या टेबलापाशी ढाल एकटी उरली.

“हा झोपला!” नातू पहारेकऱ्याकडे बोट दाखवून ओरडला, आणि सगळं सभागृह हसलं. बारा वर्षांत काकांच्या संग्रहाला कुणी असं हसलं नव्हतं. त्यांना ते ढालीपेक्षा बरं वाटलं, आणि खरंच बरं वाटलं.

अंधारातून डॉक्टर हळूच शेजारी येऊन उभे राहिले. जरा वेळ नर्सच्या दिव्याकडे बघत राहिले. मग पुटपुटत म्हणाले, “काका... तुमच्याकडे तो छोटा स्क्रूड्रायव्हर आहे म्हणे. जरा मिळेल का?”

पुटपुटणं काकांना स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी चष्मा सारखा केला. दोन बोटं टेबलावर ठेवली. सबंध कारकिर्दीत हे वाक्य त्यांनी इतक्या चवीने उच्चारलं नव्हतं.

“बुधवारी या.”

“अहो!” काकू म्हणाल्या.

“गंमत केली गं.” काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून दिला, आणि डॉक्टरांना धीर होईना म्हणून पहिलं सील त्यांनीच फाडून दिलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालताच नर्सचं दाबून बसवलेलं झाकण निघालं. आत पांढरा भुगा. काका वाकले, जिभेने ‘च्च’ केलं. “कीड लागलीय. जरा आधी आला असतात तर इतकी पसरली नसती.”

हे आपलं रोजचं वाक्य ऐकायला कसं वाटतं, ते डॉक्टरांना त्या दिवशी कळलं. काकूंनी पिशवीतून टूथब्रश, व्हिनेगरची बाटली आणि नव्या सेलांचं पाकीट काढलं. येताना त्यांनी ते सगळं का घेतलं होतं, हे कुणी विचारलं नाही. एकेक खोकं उघडत गेलं, एकेक दिवा लागत गेला. शेवटी राहिला डॉक्टरांचा पहारेकरी. त्यांनी कळ दाबली. तो लख्ख पेटला, सगळ्यांत जास्त.

काकांना क्षणभर हेवा वाटला. नातू दोन्ही पहारेकऱ्यांकडे आळीपाळीने बघत होता.

“आजोबा, हा का नाही झोपला?”

काकांनी दुखऱ्या दाढेवरून जीभ फिरवली आणि तोंड भरून हसले. “दातांच्या डॉक्टरांच्या घरी राहतो ना बाळा, त्याला झोप कशी लागेल?”

सगळ्यांत आधी डॉक्टरच हसले.